दारामागचा फडा

दिनकर, शाळेच्या अंकासाठी तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असं हेडमास्तर म्हणाले. चांगले शब्द लिहिणारे गावात पुष्कळ आहेत, ते लिहितीलच. माझा तुझ्यावर संशय आहे, आणि तो बाजूला ठेवून मला दुसरं काही लिहिता येत नाही. माणूस गेला म्हणजे त्याच्यावरचा संशय जातो असं नाही. उलट तू समोर होतास तेव्हा निदान तुझी नजर बघता येत होती.

संशय कशाचा ते तुला माहीत आहे. वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. तुझं मुलांचं चित्रांचं पुस्तक, ‘मी आधी कोण होतो?’, पुन्हा छापायचं ठरलं आहे. त्यासाठी पुण्याहून प्रकाशकांचे एक गृहस्थ तुझ्या तेरवीनंतर अमडापुरात आले होते. त्यातल्या फड्याच्या पानाचं काय करायचं, असं त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझं उत्तर एकाच गोष्टीवर अडलं होतं. त्या पानावरचा साप तुला छापायच्या आधी माहीत होता, की नव्हता?

पुस्तकाची सुरुवात माझ्या वखारीत झाली, हे तू कोणाला सांगितलं नाहीस. शाळा सुटली की तू येऊन सागाच्या ओंडक्यावर बसायचास. मी माप घेत असायचो आणि तू मधे बोलून माझं माप चुकवायचास. एक दिवस आलास तो हसतच. वर्गात मीठ कुठून येतं विचारलंस, तर पोरं म्हणाली दुकानातून.

“मंग दुकान कुठून येते बे, असं इचारलं मी. तं वाण्याचं पोरगं म्हणते, बापाकडून.”

मी म्हणालो, “बरोबरच सांगितलं त्यानं.”

“बरोबर हाय, पण अर्धं हाय. मारोती, आपल्या घरात जेवढ्या वस्तू हायेत ना, त्या साऱ्या आधी काहीतरी होत्या. कोणी झाड होती, कोणी किडा, कोणी गोटा. हे पोराइले कोणीच सांगत नाही.”

तेवढ्यावर तू लिहायला बसलास. बांगडी सांगते, मी आधी झाडाच्या फांदीवरची लाख होते आणि मला इवल्याशा किड्यांनी केलं. पाटी सांगते, मी आधी डोंगराच्या पोटातला दगड होते. पापडाचा खार सांगतो, मी आधी लोणारच्या तळ्यात होतो. प्रत्येक पान लिहून झालं की तू ते मला वाचून दाखवायचास आणि मी त्यात काहीतरी काढायचोच. आगकाडीच्या पानावर तू लिहिलं होतंस, ‘मी आधी सावरीचं झाड होते, आणि माझ्यासारख्या असंख्य काड्या त्या झाडात होत्या.’

“असंख्य म्हणजे किती?”

“म्हणजे मोजता येत नाहीत तितक्या.”

“कोण म्हणते मोजता येत नाहीत? बुंध्याचा घेर सांग, उंची सांग. मी मोजून देतो.”

“तुह्यासारख्या माणसाच्या घरात पोरं हसतात तरी कशी बे?”

पण तू ‘असंख्य’ खोडून ‘पुष्कळ’ केलंस. ‘पुष्कळ’ मला चाललं. त्यात खोटं काही नव्हतं.

मोताळ्याच्या बाजाराला आपण गेलो होतो ते आठवतं. शिंगाचा कंगवा कसा होतो ते प्रत्यक्ष विचारायचं, मी सांगतो म्हणून लिहू नकोस, असा माझा आग्रह. तू एका कंगवेवाल्यापुढे उकिडवा बसलास आणि फार अदबीनं विचारलंस, “चाचा, हा कंगवा आधी काय होता?”

तो म्हणाला, “आधी? आधी बी कंगवाच होता मास्तर. परवापासून इकून राह्यलो, कोणी घेतच नाई.”

येताना बसमध्ये तू सगळा वेळ हसत होतास. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण तिकिटाचे पैसे गेले आणि माहिती मिळाली नाही. आता एकट्यानं वखारीत बसलो की मला ते हसू येतं. तू नसताना ते कोणाला सांगावं, हा एक वेगळाच प्रश्न होऊन बसला आहे.

मग फड्याचं पान आलं. ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण भांडण त्यावरच आहे. तू वाचलंस ते असं होतं:

‘मी फडा. मी आधी शिंदी होतो. नाल्याच्या काठी वाऱ्यावर डोलत होतो. आता मी तुमच्या घरात राहतो. सगळे उठायच्या आधी मी उठतो. कोपऱ्याकोपऱ्यात जातो. आणि रात्री दारामागे आडवा पडतो.’

मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ‘फडा’ हा शब्द फक्त आपल्याकडे. पुस्तक पुण्यात छापणार. तिकडे त्याला केरसुणी म्हणतात, तर कंसात केरसुणी लिही. दोन, या सगळ्या पानात तू झाडण्याचं नावच काढलेलं नाहीस. फडा घर झाडतो, एवढं एक वाक्य टाक.

तू दोन्ही ऐकली नाहीस. “फडा काय करते हे बी सांगा लागते का? अन् केरसुणी काऊन लिहू? नागपूरची पुस्तकं होती तवा नागपूरचं वाचलं. आता आपण महाराष्ट्रात आलो, पुण्याचं वाचून राह्यलो. चांगलं हाय. पण आपल्या घरातला एक तरी शब्द पुण्याच्या पोरानं वाचू दे ना. नाही समजला तं इचारन तो.”

“आणि विचारलं नाही तर?”

“तं मंग त्याचं नुकसान.”

संध्याकाळी तू तेच पान आमच्या घरी वाचलंस. माझी बायको चुलीपुढून म्हणाली, “हे बरं केलं भाऊजी, आडवा लिहिलं ते. फडा उभा ठेवला की घरात भांडण होते.” म्हणून तो ‘आडवा’ माझ्या पक्का लक्षात आहे. तो शब्द एकट्या माझ्याच लक्षात असता, तर मी स्वतःवरही संशय घेतला असता.

पुस्तक छापून आलं. तू शाळेतून थेट वखारीत आलास, बगलेत पुडकं, आणि एक प्रत माझ्या हातात दिलीस. मी पहिल्या पानापासून लागलो. तू म्हणालास, “फड्याचं पान पाय.” मी फड्याचं पान उघडलं. नाल्याकाठी शिंदीची दोन झाडं होती, चांगली काढली होती. खाली घराचं दार होतं, आणि त्या दारामागे वेटोळं घालून, अंग उभं करून, एक मोठा नाग बसला होता. डोळे तांबडे.

पुण्याच्या चित्रकारानं ‘फडा’ म्हणजे नागाचा फडा असं धरलं. मग त्याचं काहीच चुकलं नाही. नाल्याकाठी डोलतो, घरात शिरतो, कोपऱ्याकोपऱ्यात जातो. झाडण्याचं नाव त्या पानात कुठे होतं?

मी म्हणालो, “मी सांगितलं होतं.” तू म्हणालास, “हो, सांगितलं होतं.” आणि हसलास. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. एवढ्या मेहनतीचं पुस्तक, त्यात एवढी ढोबळ चूक, आणि लिहिणारा हसतो? दुसरा कोणी असता तर डोकं धरून बसला असता. शिवाय, पुडकं तू माझ्यासमोर सोडलंस. मग सगळ्यात आधी फड्याचंच पान पाहा, हे तुला कोणी सांगितलं?

मी विचारलं, “प्रूफ आलं नव्हतं का तुझ्याकडे?”

“नाही आलं.”

तू इतक्या चटकन म्हणालास की मी ते मानलं नाही. मग मी मजकूर वाचला. शेवटची ओळ अशी छापली होती: ‘आणि रात्री दारामागे उभा राहतो.’

आडवा पडतो, याचं उभा राहतो झालं होतं. चित्राला अगदी जुळून.

घरी बायकोला दाखवलं. साप पाहून ती हसली. पण ओळ वाचून दाखवली तेव्हा गंभीर झाली. “उभा कोणं केला?” म्हणाली. मलाही तोच प्रश्न होता, आणि आजवर आहे.

मी वाट पाहत राहिलो की तू पुण्याला पत्र टाकशील, चूक कळवशील. तू टाकलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचास, “टाकतो ना.” मग एक दिवस शाळेत फळ्याची चौकट मोडली म्हणून मी माप घ्यायला आलो, आणि तू वर्गात तेच पान काढून बसला होतास. मी दाराशी थांबलो. मागच्या ओळीतली एक पोरगी उभी होती. ती कधी तोंड उघडत नाही असं तूच मला सांगितलं होतंस.

“गुरुजी, हे खोटं हाय.”

“काय खोटं हाय वं?”

“हा साप हाय. फडा नाई.”

“पण छापेल हाय ना पुस्तकात!”

“छापेल असलं तरी खोटंच हाय.”

“मंग त्याइनं काऊन छापलं?”

“त्याइच्या घरी फडा नसन.”

“मंग ते घर झाडतेत कशानं?”

“नसतीन झाडत!” आणि सगळा वर्ग हसून हसून लोळला.

तू हसला नाहीस. तू तिच्याकडे असा बघत होतास, जसा मी चांगल्या सरळ लाकडाकडे बघतो. मग तू दुसऱ्या पोराला म्हणालास, “पाटीच्या पानात काही खोटं हाय का ते पाय बरं.” आणि ती सगळी पोरं, छापलेल्या ओळीपुढे एरवी मान खाली घालणारी पोरं, पानापानावर बोट ठेवून तपासू लागली. मी चौकटीचं माप घेतलं ते चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावं लागलं.

त्या दिवसापासून माझा संशय पक्का झाला. प्रूफ तुझ्याकडे आलं होतं. तू नाग पाहिलास, पोटभर हसलास, आणि त्याला काढायच्या ऐवजी त्याला शोभेल अशी ओळ करून पाठवलीस. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मला कळतं.

तू आजारी पडलास तेव्हा मी रोज येत होतो. इतर लोक डॉक्टर काय म्हणाला ते विचारायचे. मी एकदा, वहिनी बाहेर गेल्या तेव्हा, सरळ विचारलं, “दिनकर, खरं सांग. ‘उभा’ तू केलास का?”

तू डोळे मिटून पडला होतास. म्हणालास, “तू काढ ना हिशोब.”

मला राग आला. पण आजारी माणसावर रागावता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात माणसं जमली होती.

तेरवीनंतर पुण्याचे ते गृहस्थ आले. खामगावला कोणाकडे काम होतं, तिथून बसनं आले. सज्जन वाटले, तरी मी त्यांच्यावरही संशय ठेवला. तुझ्या घरी ओटीवर आम्ही बसलो. मी, ते, वहिनी. माझी बायको दाराशी.

ते म्हणाले, “मास्तरांचं पुस्तक चाललं, आम्हाला आनंद आहे. पण त्या पानावरून फार पत्रं आली हो. तुमच्याच भागातून. फडा म्हणजे केरसुणी हे आम्हाला कुठून कळणार?”

मी म्हणालो, “विचारलं असतं तर कळलं असतं.”

“विचारायला आधी शंका तर यायला हवी! आम्हाला तो नागच वाटला. उत्तम जमलाय, असंच सगळे म्हणाले.”

हे मला पटलं. माणूस खरं बोलत होता.

“मास्तरांना प्रूफ पाठवलं होतं?”

“आम्ही नेहमी पाठवतो.”

“हे पाठवलं होतं का?”

“पाठवलंच असणार.”

वहिनी म्हणाल्या, “टपाल शाळेच्या पत्त्यावर येत जाय भाऊजी. मले काय माहीत?”

मी पुढे विचारलं, “चित्राला जुळावं म्हणून तुम्ही लेखकाची ओळ बदलता का?”

ते जरा दुखावले. “काना-मात्रेपलीकडे आम्ही कोणाच्या मजकुराला हात लावत नाही.”

यावर मी विचार केला. ज्यांनी न कळणारा ‘फडा’ तसाच ठेवला, ते कळणारा ‘आडवा’ कशाला बदलतील? बरं, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या हातून एखादा खिळा इकडचा तिकडे होतो, अक्षर उलटं पडतं. पण ‘आडवा पडतो’चं ‘उभा राहतो’ होत नाही. दोन्ही शब्द एकदम, आणि तेही अर्थ बसेल असे, हातून निसटत नाहीत. म्हणजे उरलास तू. हिशोब असा निघतो. पण उरलेला माणूस हा पुरावा झाला का? मला अजून नाही वाटत.

ते गृहस्थ म्हणाले, “दोन मार्ग आहेत. केरसुणी असा शब्द घालून नवं चित्र काढू. किंवा नव्या चित्राच्या ब्लॉकचा खर्च टाळायचा तर ते पानच गाळू.”

“काही काढू नका,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. “माणूस गेला तेवढं पुरे हाय.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी अडचण कोणाच्या ध्यानात आली नसावी. तुला जर माहीत नव्हतं, तर ती साधी चूक होती, आणि चुकीचं पान पोरांच्या हाती पुन्हा देणं मला कधीही मान्य झालं नसतं. दारामागे नाग असतो, तो आधी शिंदी होता, असं पुण्याच्या एखाद्या पोरानं खरं मानलं तर? आणि तुला माहीत असेल, तर ते पान तू सगळ्या पुस्तकात सर्वांत जास्त विचार करून केलेलं पान आहे, आणि मी ते दुरुस्त केलं तर तुझं काम मीच मोडलं असं होईल.

आणखी एक सांगतो, राग मानू नकोस. तुला माहीत होतं, तर मला का सांगितलं नाहीस? मी त्यावर बरंच डोकं चालवलं. तू मला सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी पुण्याला कळवलं असतं. हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू माझ्याशी खोटं बोललास. हे मी तुला माफ केलेलं नाही. पण तू मला किती बरोबर ओळखत होतास, याचं बरंही वाटतं. आता मला तसं ओळखणारं गावात कोणी उरलं नाही.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, “शब्द बदलू नका. चित्र बदलू नका. पानाच्या खाली एक ओळ टाका. ‘या पानावर चूक आहे. ओळखा.’”

“चूक आहे असं आम्हीच छापायचं?”

“असलेली चूक छापली आहेच तुम्ही. ती आहे एवढंच सांगायचं राहिलं.”

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. “ठेवा तशी,” म्हणाल्या. “त्याइले आवडली असती.”

गृहस्थांनी खिशातून पेन्सिल काढली. “मग किती चुका ते लिहू या. मुलांना शोधायला बरं पडतं.”

दाराशी उभी असलेली माझी बायको लगेच म्हणाली, “दोन हायेत. फड्याच्या जागी साप हाय, अन् वरून तो उभा हाय लिहिलं. फडा आडवा असते. मी ऐकेल हाय त्याइच्या तोंडून.”

“दोन लिहू?” ते मला म्हणाले.

ती म्हणते ते फड्याच्या दृष्टीनं बरोबर होतं. पण चूक म्हणजे नकळत होते ती. चित्रकाराला कळलं नाही, ती चूक. ‘उभा’ जर दुसऱ्या कोणाच्या हातून झाला असेल, तर तीही चूक, आणि आकडा दोन. ‘उभा’ जर तू समजून-उमजून केला असशील, तर ती चूक नव्हे, आणि आकडा एक. प्रूफ आलं की नाही, तू खोटं बोललास की खरं, वर्गातल्या त्या पोरीची तू आधीपासून वाट पाहत होतास की नव्हतास, हे सगळं त्या एका आकड्यात येऊन बसलं होतं. आणि तो आकडा मला, मारोतीला, तुझ्या ओटीवर बसून, तुला न विचारता सांगायचा होता.

बायको म्हणाली, “काऊन हो, दोनच हायेत ना?”

“एक,” मी म्हणालो.

“नक्की?” पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं.

“नक्की. एक लिहा.”

त्यांनी एक लिहिलं.

दिनकर, पुराव्याशिवाय मी आयुष्यात दिलेला हा पहिला आकडा आहे. तो बरोबर असू दे.